कढीपत्ता आधी, कोथिंबीर शेवटी: रोजच्या स्वयंपाकातली वासाची पानं

भाजी तोलून झाली की भाजीवाल्या मावशी वरून चार काड्या कोथिंबीर आणि कढीपत्त्याची एक डहाळी पिशवीत टाकतात. फुकट मिळतं म्हणून असेल, पण आपल्या घरांत या पानांना वागणूकही फुकटाचीच मिळते. कोथिंबीर दिसली की टाक वरून. कढीपत्ता दिसला की काढ ताटाबाहेर. उरलेली जुडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पिशवीसकट चिकट होते आणि आठ दिवसांनी ओल्या कचऱ्यात जाते.

मीही वर्षानुवर्षं हेच केलं. सासूबाई निफाडच्या, शेतातल्या घरात वाढलेल्या. त्यांच्या हातचं साधं वरण माझ्यापेक्षा वेगळं का लागतं हे मला कळत नव्हतं. डाळ तीच, हळद-हिंग तेच. मग एकदा लक्ष देऊन पाहिलं. त्या कोथिंबिरीची देठं डाळीबरोबर शिजवत होत्या आणि पानं गॅस बंद केल्यावर टाकत होत्या, वर लगेच झाकण. फरक एवढाच होता. या पानांचं काम पोट भरायचं नाही, वास द्यायचं आहे. आणि प्रत्येक पानाचा वास बाहेर पडायची वेळ वेगळी असते.

आधी एक छोटा प्रयोग

पटत नसेल तर उद्याच करून बघा. बिनफोडणीचं वरण तीन वाट्यांत घ्या. पहिल्या वाटीतलं वरण चमचाभर चिरलेली कोथिंबीर घालून दहा मिनिटं उकळा. दुसऱ्या वाटीत वरण कडकडीत गरम असताना कोथिंबीर घालून दोन मिनिटं झाकण ठेवा. तिसऱ्यात कोमट वरणावर नुसती भुरभुरा. पहिल्या वाटीत रंग काळपट होतो आणि वास जवळजवळ जातो. तिसऱ्यात कोथिंबीर वेगळी आणि वरण वेगळं लागतं. दुसऱ्या वाटीतलं वरण मात्र एकजीव लागतं.

कारण सोपं आहे. कोथिंबिरीच्या पानातली वासाची द्रव्यं उडून जाणारी असतात, उष्णता लागली की वाफेबरोबर निघून जातात. कढीपत्त्याचा वास उलट तेलात उतरतो. थंड पाण्यात तो बसून राहतो, गरम तेलात पडला की सगळ्या घराला कळतं. म्हणून कढीपत्ता वरून भुरभुरण्यात अर्थ नाही आणि कोथिंबीर फोडणीत जाळण्यातही नाही.

ढोबळ हिशेब असा ठेवा. फोडणीत जाणारी: कढीपत्ता, लसणाची पात, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, शेपू. शिजताना जाणारी: कोथिंबिरीची देठं, गवती चहा. गॅस बंद केल्यावर जाणारी: कोथिंबिरीची पानं, पुदिना, पातीचा हिरवा भाग. कसुरी मेथी शेवटच्या दोन्हींच्या मधली, तिच्याकडे पुढे येते.

बाजारात काय बघायचं

नाशिकमध्ये राहून पालेभाजीची तक्रार करणं म्हणजे गंगेवर बसून पाणी मागण्यासारखं. दिंडोरी, निफाड, सिन्नर इकडची पालेभाजी बाजार समितीत येते, तिचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. तिथून बराच माल मुंबईला जातो. भाव पडला की हीच जुडी शेतकरी वैतागून रस्त्यावर ओततो, आणि पावसाने झोडपलं की तीच जुडी आपण दोनदा भाव विचारून घेतो. आमच्या घरात पावसाळ्यात गंमतीने म्हणतात, दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात तिच्या, गुडघ्याला पाणी लागलं की कोथिंबीर जपून वापरा.

बुधवारच्या गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजारात किंवा भद्रकालीच्या भाजीबाजारात गावठी कोथिंबीर शोधा. पान लहान, देठ बारीक, बुडाशी कधी लालसर झाक. जुडी दिसायला किरकोळ, पण हातात घेतली की वास येतो. मोठ्या, रुंद, एकसारख्या पानांची हायब्रीड कोथिंबीर वडीला चांगली, कारण चिरायला भरपूर मिळते. चटणीला आणि वरणाला गावठीच. जुडीच्या मधोमध बोट घालून बघा: आत ओलसर गरम लागलं तर ती आतून सडायला लागली आहे. वरून मारलेल्या पाण्याच्या तजेल्यावर जाऊ नका. फुलोऱ्यावर आलेली, दोऱ्यासारख्या बारीक पानांची कोथिंबीर उन्हाळ्यात खूप दिसते, ती शक्यतो टाळा.

कढीपत्त्याची पानं सुटी न घेता डहाळीवरची घ्या. पुदिन्याची टोकं काळी नसावीत. शेपू पिवळा दिसला तर सोडून द्या.

घरी आल्यावर पहिला अर्धा तास

सगळं यश इथे आहे आणि सगळ्यात जास्त कंटाळाही इथेच येतो.

1. जुडीचा दोरा किंवा रबर लगेच सोडा. आवळलेल्या जागीच सड सुरू होते.
2. पिवळी, काळी, चिकट पानं काढा. कोथिंबिरीची मुळं कापा, पण फेकू नका: स्वच्छ चोळून धुऊन रश्श्याच्या किंवा कटाच्या आमटीच्या पाण्यात उकळा आणि नंतर काढून टाका.
3. ठेवायच्या पाल्याला पाणी लावू नका. तीन-चार दिवसांत संपवणार असाल तरच आधी धुवा.
4. जुन्या, धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून स्टीलच्या किंवा हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. कापड ओलं झालं की बदला. हिवाळ्यातली चांगली जुडी अशी आठ-दहा दिवस टिकते, पावसाळ्यातली चार-पाच. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय मात्र सोडा, शाई पानांना लागते.

पुदिना डब्यापेक्षा पेल्यात बरा राहतो: देठं बोटभर पाण्यात, वर सैल पिशवी. कढीपत्ता धुऊन, पूर्ण कोरडा करून, पानं सुटी करून डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. रंग थोडा काळवंडतो, फोडणीत वास उतरतो. मूठभर काढा आणि गोठलेलाच तेलात टाका, फक्त तोंड लांब ठेवा. कोथिंबीर अशी गोठवू नका. मी एकदा स्वस्तात मिळाली म्हणून पाच जुड्या गोठवल्या होत्या. बाहेर काढल्यावर शेवाळ निघालं.

धुण्याचीही पद्धत आहे. नळाखाली धरून धुतलं की माती पानांच्या बेचक्यात तशीच राहते. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, पाला बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा, मग पाला वरून उचला. पाणी ओतू नका, नाहीतर तळाशी बसलेली रेती परत पानांवर येते. पावसाळ्यात हे तीनदा. मग पंख्याखाली कापडावर पसरा. चिरताना पान कोरडं आणि सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पान कापत नाही, चिरडतं, आणि दहा मिनिटांत काळं पडतं. विळीवर मूठ धरून चिरायची सवय असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही.

कोथिंबीर: तिची सगळी कामं

देठं आणि पानं वेगळी करा. कोवळ्या देठांत पानांपेक्षा कमी वास नसतो, उलट वाटणात तीच जास्त उठतात. एका जुडीच्या देठांत 6 हिरव्या मिरच्या, 10 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, 1 चमचा जिरं आणि मीठ घालून कमीत कमी पाण्यात वाटा. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या डब्यात भरा. मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, थालीपीठ, आमलेट, कशातही एक वडी. फ्रीजमध्ये न गोठवता ठेवलं तर चार दिवसांच्या आत संपवा.

आता कोथिंबीर वडी. ती ज्यांची फसते, त्यांची बहुतेक एकाच कारणाने फसते: ओली कोथिंबीर. तीन वाट्या बारीक चिरलेली, एकदम कोरडी कोथिंबीर घ्या. त्यात मिरची-लसूण-जिऱ्याचं वाटण, हळद, तीळ, चमचाभर लिंबाचा रस, चिमूटभर साखर आणि मीठ घालून हाताने हलकं चोळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. मिठाने तिला पाणी सुटतं. मगच दीड वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ थोडं थोडं घाला. वरून पाणी बहुधा लागतच नाही, लागलं तर चमच्याने. घट्ट गोळ्याचे लांबट रोल करून तेल लावलेल्या चाळणीवर पंधरा ते अठरा मिनिटं उकडा. आणि थांबा. गरम असताना कापलं की भुगा होतो. पूर्ण गार झाल्यावर वड्या पाडा, तव्यावर थोड्या तेलात परता किंवा तळा. रोल फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात, शाळेच्या डब्याला हाताशी असतात.

पानांचा तिसरा उपयोग कच्चा: मिसळीवर, पोह्यांवर, कोशिंबिरीत. मिसळीवर कोथिंबीर टाकताना नाशिककराचा हात सढळ असतो, पण तर्रीत बुडालेली कोथिंबीर दोन मिनिटांत मरते. ताटात वाढल्यावर, फरसाणाच्याही वर टाका. काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते. ते नखरे नसतात. वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकाशी त्याचा संबंध सापडलेला आहे. अशा पाहुण्यांसाठी कांद्याची पात ठेवा आणि विषय संपवा.

कढीपत्ता: ताटाबाहेर जाऊ नये म्हणून

काम झाल्यावर माणसाला कढीपत्त्यासारखं बाजूला काढलं असं आपण म्हणतो. पण तो बाजूला काढला जातो यात त्याच्यापेक्षा आपली चूक जास्त. अख्खं, चिवट, अर्धवट तळलेलं पान कोण खाणार?

क्रम असा. तेल तापवा, मोहरी टाका, ती तडतडून शांत होऊ द्या. जिरं, हिंग. आता आच मंद करा आणि कोरडी पानं दोन तुकडे करून टाका. तुकडे केल्याने वासही जास्त सुटतो आणि पान तोंडात अडत नाही. दहा-पंधरा सेकंदांत तडतड थांबते आणि पान कडक होतं. तडतड होते ती पानातल्या पाण्याची. ती थांबली म्हणजे पान तळलं गेलं. मग हळद, आणि लगेच कांदा किंवा डाळ. हळद आधी टाकून मग कढीपत्ता टाकलात तर पान तळेपर्यंत हळद जळते. चौघांच्या पोह्यांना पंधरा पानं, कढीला वीससुद्धा चालतात. कढीची फोडणी मी दोनदा करते: एक आधी, आणि एक वाढताना वरून, तुपात जिरं-कढीपत्ता. ही दुसरी फोडणी चुकवू नका.

मावशींनी दिलेल्या डहाळ्या साठल्या की चटणी करा. दोन वाट्या पूर्ण कोरडी पानं चमचाभर तेलात मंद आचेवर सात-आठ मिनिटं परता, बोटात चुरली पाहिजेत. अर्धी वाटी सुकं खोबरं, पाव वाटी तीळ, जिरं वेगवेगळं भाजा. पाच-सहा लसूण पाकळ्या, लाल तिखट, मीठ, चिंचेचं एक बुटुक. सगळं गार झाल्यावर भरड वाटा. गरम असताना वाटलं तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. दहीभाताबरोबर, किंवा भाकरीवर तेल घालून.

पुदिना: थोडाच, आणि गारच

पुदिन्याची चटणी काळी पडते ही सगळ्यांची तक्रार. मिक्सर फिरताना भांडं तापतं आणि हवा मिसळते, त्यात पान काळवंडतं. म्हणून गार पाणी किंवा बर्फाचे दोन खडे, लिंबाचा रस सुरुवातीलाच, आणि मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून. प्रमाण एक भाग पुदिना, दोन भाग कोथिंबीर. पुदिना वाढवला की चटणी कडवट होते आणि दात घासल्यासारखं वाटतं. देठं घालू नका, फक्त पानं. मूठभर डाळं किंवा शेंगदाणे घातले तर पाणी वेगळं होत नाही.

मठ्ठ्यात पानं चिरण्यापेक्षा मीठ आणि आल्याबरोबर खलबत्त्यात ठेचा, मग ताकात घाला.

शेपू: नाक मुरडणाऱ्यांसाठी

शेपू ही आमच्या घरातली नावडती, आणि नावडतीचं मीठ अळणी. मुलं वासानेच उठून जायची. युक्ती अशी सापडली की शेपूची भाजी करूच नका, आधी शेपू वापरा. भाजणीच्या थालीपिठात दोन चमचे. काकडीच्या दह्यातल्या कोशिंबिरीत एक चमचा बारीक चिरून, अर्धा तास मुरवून. अंड्याच्या भुर्जीत. वास ओळखीचा झाला की भाजीकडे या: भिजवलेली मूगडाळ अर्धी वाटी, ठेचलेला लसूण भरपूर, लाल सुकी मिरची, आणि शेपूत निम्मी मेथी किंवा पालक. शेपू लसणाच्या फोडणीत दोन मिनिटं चांगला परतला की त्याचा उग्रपणा खाली बसतो. बाळंतशोपा म्हणून जे बी बाळंतिणीला देतात ते शेपूचंच, हे सांगितल्यावर आमच्याकडे शेपूचा थोडा मान वाढला.

मेथी, पात आणि थंडी

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की नाशिकची हवा कोरडी आणि गार होते. कसुरी मेथी घरी करायची तर तेव्हाच. निवडलेली, धुऊन कोरडी केलेली पानं सुती कापडावर सावलीत पातळ पसरा, वर दुसरं कापड. तीन-चार दिवसांत कडकडीत होतात. उन्हात वाळवलीत तर रंग उडतो. वापरताना गरम तव्यावर अर्धा मिनिट शेकवून तळहातावर चुरा आणि पदार्थ उतरवायच्या दोन मिनिटं आधी घाला. वाळलेलं पान ताज्यापेक्षा तीव्र असतं: ताजं तीन चमचे म्हटलं असेल तिथे वाळलेलं एकच. हा हिशेब पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्यांनाही लागू.

कांद्याची पात आपल्या जिल्ह्याची, तिला वेगळं काय शिकवायचं? पांढरं फोडणीत, हिरवं शेवटी, एवढं पाळा. खान्देशी पद्धतीच्या भरतात मात्र हिरवी पात बरीचशी कच्चीच मिसळा आणि वर शेंगदाणे. लसणाची पात मिळाली तर मिरचीबरोबर तव्यावर भाजून जाडसर ठेचा. बाजरीची भाकरी आणि लोणी असेल तर दुसरं काही नको.

कुंडीत काय लावावं

सगळं लावायच्या मागे लागू नका. जे बाजारात कमी मिळतं आणि थोडंच लागतं, ते लावा.

पानओवा, म्हणजे ती जाड, लवदार, ओव्याच्या वासाची पानं. काडी खोचली की जगते. भजी सगळे करतात, पण दोन पानं बारीक चिरून टोमॅटोच्या साराच्या फोडणीत घाला. ओरेगॅनोच्या जवळ जाणारा वास येतो, कारण दोघांतली वासाची द्रव्यं बरीच एकसारखी आहेत. मुलांच्या पास्त्यात मी हाच घालते, अजून कुणाला कळलेलं नाही. इटालियन बेसिल लावलंत तर ते तुळशीचंच भावंड, आणि आपला फालुद्यातला सब्जा हे त्याचंच बी. त्याची पानं फ्रीजमध्ये ठेवली तर काळी पडतात, म्हणून तोडा आणि वापरा, तेही अगदी शेवटी.

पुदिन्याच्या बाजारच्या जुडीतली चार जाड देठं खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. वेगळ्या पसरट कुंडीत लावा, नाहीतर शेजाऱ्याची जागा खाईल. कोथिंबिरीसाठी घरचेच धणे लाटण्याने हलके रगडून दोन करा, रात्रभर भिजवा, पेरा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात, म्हणून पाचव्या दिवशी कुंडी उकरू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सोपं जातं, एप्रिलमध्ये ती लगेच फुलोऱ्यावर जाते.

आणि गवती चहा. मोठी कुंडी, भरपूर ऊन, रोजचं पाणी. पात्याची कड धारदार असते, हाताने ओढू नका, कात्रीने बुडाशी कापा. दोन कप चहाला दोन पाती, कात्रीने बोटभर तुकडे करून गार पाण्यातच टाका, बरोबर ठेचलेलं आलं. पाणी तीन-चार मिनिटं उकळलं की मग चहा पावडर आणि साखर, दूध शेवटी. दुधात उकळला तर तो वास येत नाही. एखाद्या रविवारी भात लावताना दोन पात्यांची गाठ मारून तांदळात ठेवा आणि वाढण्यापूर्वी काढून टाका. घरच्यांना आधी सांगू नका.